काडीत घड आहे का?

वानवडीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. १४ वर्षं त्या एकाच मंडळीत (चर्चमध्ये) आहेत. कॉयरमध्ये गातात, शब्बाथ शाळेचा एक वर्ग घेतात, महिला मंडळाच्या चिटणीस आहेत, दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) चुकवत नाहीत, दर शुक्रवारी उपास करतात. लोक त्यांना ‘फार आत्मिक’ म्हणतात. गेल्या महिन्यात नववीतली मुलगी त्यांना म्हणाली, “चर्चमधली मम्मी मला आवडते. ती आपल्या घरी का येत नाही?” त्यानंतर त्यांची झोप उडाली आहे. त्या विचारतात: आजवर केलं ते सगळं ढोंग होतं का? खरं फळ आहे की नाही, हे ओळखायचं कसं? कॉयर, वर्ग, सगळं सोडून द्यावं का? आणि मुलीला काय सांगावं?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. ते ढोंग नव्हतं. शुभवर्तमानात ‘ढोंगी’ असा शब्द येतो तिथे मूळ ग्रीक शब्द नाटकातल्या नटाचा आहे. आत काय आहे ते ठाऊक असून बाहेर दुसरंच दाखवायचं, हे नटाचं काम. तुम्ही गायलात तेव्हा मनापासून गायलात. फक्त द्राक्षवेलासारखी पानं वाढत राहिली आणि काडी, म्हणजे घड धरणारी फांदी, कधी तपासली गेली नाही. हा दोष वेगळा आहे आणि त्याचा उपायही वेगळा आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथे धीर देणारं आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या स्पष्ट सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तो काही वर्षांनी सापडला. मधल्या काळात त्यांनी शारदा सदन सुरू केलं होतं, विधवा मुलींना शिकवलं होतं. ते काम त्यांनी पुढे खोटं ठरवलं नाही की टाकून दिलं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते कितीतरी पटीने वाढलं. बदललं ते मूळ.

आता फळाकडे येऊ. योहानाच्या १५व्या अध्यायात प्रभूने द्राक्षवेलाचा दाखला दिला, तो आपल्याकडच्या बागायतदाराला आपल्यापेक्षा जास्त कळतो. जुन्नर-नारायणगावकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जिला बरेच जण गोडी छाटणी म्हणतात. घड आपल्याला दिसतो तो ऑक्टोबरनंतर, पण ठरतो तो उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर जी नवी काडी येते तिच्या डोळ्यांत (कोंबांत), साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात, सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या दिवसांत बागेत गेलात तर घडाचं नावनिशाण दिसत नाही. नुसती पानं.

नेमक्या त्याच दिवसांत पानांची दाटी झाली, काडीपर्यंत ऊन पोचलं नाही, नत्र जास्त पडलं, तर वेल हिरवागार दिसतो आणि आत डोळे वांझ राहतात. ऑक्टोबरमध्ये कात्री लावल्यावर फूट जोरात येते, फक्त घड येत नाही. कधी घड निघतोही, पण जिरतो आणि त्याची बाळी होते. बाळी म्हणजे तारेला विळखा घालणारा तंतू. ज्या भागाचा घड व्हायचा, तोच भाग धरून ठेवायच्या कामाला लागतो. मंडळीतल्या पदांचं पुष्कळदा असंच होतं. सेवा म्हणून सुरू झालेली गोष्ट काही वर्षांनी नुसती धरून ठेवण्याची होते आणि बाहेरून ती हिरवीच दिसते.

म्हणून जाणता बागायतदार हिरव्या बागेकडे पाहून निर्णय घेत नाही. फळछाटणीच्या आधी तो बागेच्या वेगवेगळ्या भागांतल्या काही काड्या कापून तपासायला नेतो. डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, कितव्या डोळ्यात घड आहे ते पाहतात आणि त्यावरून कात्री कितव्या डोळ्यावर लावायची ते ठरतं. तुम्हाला करायचं आहे ते हेच.

पण पानांवर राग धरू नका. एक घड पोसायला दहा-पंधरा पानं तरी लागतात. गाणं, उपास, दशांश, वर्ग ही पानं आहेत आणि ती देवानेच दिली आहेत. पान घडाला पोसत असेल तर ते पान ठेवायचं. घडावरचं ऊन अडवत असेल तर ते काढायचं.

पानांनी भरलेल्या अंजिरावर फळ सापडलं नाही म्हणून प्रभूने त्या झाडाला शाप दिला, ही गोष्ट (मार्क ११) वाचताना लोक अडखळतात, कारण तिथे लिहिलं आहे की तो अंजिरांचा हंगाम नव्हता. मग झाडाला शाप का? सासवडच्या आसपासच्या अंजिरांवरून याचा उलगडा होत नाही. इथे छाटणी करून नव्या फुटीवर खट्टा आणि मीठा असे बहार धरतात. पॅलेस्टाइनमध्ये वल्हांडण या यहुदी सणाच्या सुमाराला, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, गेल्या वर्षीच्या जुन्या लाकडावर बारीक कच्ची अंजिरं धरतात, पानांच्या आधी किंवा पानांबरोबर. मुख्य पीक उन्हाळ्याच्या शेवटी येतं. त्यामुळे भरगच्च पानं असून एकही कच्चं अंजीर नाही, याचा अर्थ त्या झाडावर त्या वर्षी काही यायचं नाही. पानांनी आधीच जाहीर केलेलं होतं आणि जवळ गेल्यावर काहीच नव्हतं. मार्काने ही गोष्ट दोन तुकड्यांत सांगितली आहे आणि मधोमध मंदिर शुद्ध करण्याचा प्रसंग ठेवला आहे. मंदिरात गर्दी होती, यज्ञपशू होते, पैशाची उलाढाल होती. दुसऱ्या दिवशी झाड मुळापासून वाळलेलं दिसलं. आणि हा सगळा भाग संपतो कशावर, तर प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा, यावर (११:२५). फळ कुठे शोधायचं, ते तिथे सांगून ठेवलं आहे.

मग फळ म्हणजे नेमकं काय? गलतीकरांस पत्र ५:२२-२३ मध्ये नऊ गोष्टी आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. मूळ भाषेत ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे. नऊ फळांच्या टोपलीतून आवडीचं उचलावं, असं ते नाही. एकाच घडाचे ते नऊ मणी आहेत. ‘मी विश्वासू आहे, फक्त सौम्यता माझ्या स्वभावात नाही’ हे म्हणणं त्यामुळेच टिकत नाही.

त्याच्या आधीची यादी, देहाच्या कर्मांची, आपण फार घाईने वाचतो. आपल्या मराठी शास्त्रात (बायबलमध्ये) तिथे १५ नावं आहेत. सुरुवातीला जारकर्म, अशुद्धपणा, कामातुरपणा, मग मूर्तिपूजा आणि चेटके. शेवटी दारूबाजी आणि रंगेलपणा. मधली आठ मोजा: वैर, कलह, मत्सर, राग, तट, फूट, पक्षभेद, हेवा. यादीचा अर्ध्याहून मोठा भाग हा आहे. मंडळीची शिस्त मात्र सहसा पहिल्या आणि शेवटच्या नावांसाठी राखलेली असते. मधली आठ कमिटीच्या सभेत येतात, प्रार्थनेने सुरुवात करतात आणि इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढ्या दोन शब्दांत मावतात. प्रेषित पौलाने हे लिहिलं ते सुंता या बाहेरच्या खुणेवरून एकमेकांना फाडून खाणाऱ्या माणसांना, हे विसरू नये.

आणखी एक गफलत इथे नेहमी होते: दान (देवाने दिलेली देणगी) आणि फळ यांची. तुमचा गळा हे दान आहे. शिकवण्याची हातोटी दान आहे. दान एका दिवसात मिळू शकतं आणि त्यासाठी चारित्र्य पिकलेलं असावंच लागतं असं नाही. करिंथच्या मंडळीत कुठल्याच कृपादानाची उणीव नव्हती, असं पौल पहिल्याच अध्यायात म्हणतो. त्याच मंडळीत तट होते, कोर्टकचेऱ्या होत्या आणि प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी तर एक मस्त, अशी तऱ्हा होती. मत्तय ७:२२ मध्ये तर लोक प्रभूच्या नावाने संदेश दिल्याचं, भुतं काढल्याचं सांगतात आणि त्यांना ‘तुमची माझी कधीच ओळख नव्हती’ असं उत्तर मिळतं. तुमच्या गाण्याने कुणाचे डोळे भरून आले, तर देवाने दान वापरलं, त्याचे आभार माना. काडीत घड आहे की नाही, ते त्यावरून कळत नाही.

आता तपासणी. एक साधी दोनशे पानी वही घ्या; मोबाइलवर नको, कारण मोबाइल हातात आला की मंडळीचा ग्रुप उघडतो. फक्त सात दिवस लिहायचं आहे. चार रकाने आखा: वेळ, कोणाशी, काय बोलले, त्याआधीच्या पंधरा मिनिटांत काय चाललं होतं. तिसऱ्या रकान्यात ‘रागावले’ असं लिहू नका. शब्द जसेच्या तसे लिहा. उदाहरणार्थ:

शुक्रवार, संध्याकाळी ६.४०. मुलीशी. “तुला जन्म देऊन चूक केली.” आधी: उपासामुळे डोकं दुखत होतं, गॅसवर दूध, रविवारच्या गाण्यांची यादी पाठवायची राहिली होती, फोनवर दोन मिस्ड कॉल.

अशी एक ओळ महिनाभराच्या सर्वसाधारण पश्चात्तापापेक्षा जास्त शिकवते. सात दिवसांनी वही उघडली की वेळा उठून दिसतात. मंडळीत जबाबदारी असणाऱ्यांच्या वहीत बहुतेक वेळा दोन ठिकाणं सापडतात: रविवारी उपासनेनंतर दुपारी १ ते ३, कारण सगळा गोडवा सकाळी खर्च झालेला असतो, आणि उपासाच्या दिवशीची संध्याकाळ. दुसऱ्याबद्दल यशयाचा ५८वा अध्याय वाचा. उपासाच्या दिवशी तुम्ही आपला मतलब साधता, आपल्या मजुरांना राबवून घेता, भांडता आणि बुक्क्या मारता, असा देवाचा आरोप तिथे आहे. उपासाची वेळ आणि भांडणाची वेळ एकच, हे त्याने फार पूर्वी टिपून ठेवलं आहे.

घराबरोबर आणखी तीन ठिकाणी काडी चिरून पाहा.

पहिलं, जो तुमच्यासाठी काही करू शकत नाही तो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोकांनी विचारलं, पश्चात्तापाला शोभणारं फळ म्हणजे आम्ही काय करावं? त्याने उपासनेबद्दल एक शब्द काढला नाही. दोन अंगरखे असतील तर एक द्या, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, धाक घालून पैसे उकळू नका (लूक ३:१०-१४). तेव्हा पाहा: कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा आहे का? त्या तापाने चार दिवस आल्या नाहीत तर पगार कापता का? सोसायटीच्या वॉचमनचं नाव ठाऊक आहे का?

दुसरं, हेवा. सोलो तुमच्याऐवजी नव्या मुलीला मिळालं, त्या रविवारी तुम्ही घरी येताना रिक्षात काय बोललात?

तिसरं, न फेडलेलं. उसने घेतलेले, परत न केलेले, ‘बघू’ म्हणून ठेवलेले पैसे. मोठी रक्कम असायची गरज नाही.

वही भरली की छाटणी. सगळं सोडायचं का, असं तुम्ही विचारलं आहे. नाही. सगळं एकदम सोडणारा माणूस सहसा दोन महिन्यांत मंडळीत येणंही सोडतो आणि वेलापासून तुटलेली काडी तपासून काही उपयोग नसतो. एक, फार तर दोन गोष्टी, ३ महिन्यांसाठी. कोणती? जी सोडली तर लोक काय म्हणतील याची सर्वांत जास्त भीती वाटते, तिच्यावर आधी कात्री. तुमच्या पत्रावरून ते चिटणीसपद असावं असं वाटतं. ते रीतसर सोडा: इतिवृत्ताची वही, जमाखर्च, शिल्लक रोख, पावतीपुस्तकं दोन आठवड्यांत दुसऱ्या ताईंकडे सोपवा आणि सही घ्या. कमिटीला एवढंच सांगा, “घरी वेळ द्यायचा आहे.” ‘प्रभूने मला विश्रांतीला बोलावलं आहे’ असं काही म्हणू नका. साध्या कारणाला आत्मिक पांघरूण घातलं की ते नवं पान होतं.

कॉयर आठवड्यातून एकदाच असेल तर राहू द्या, पण ३ महिने सोलो घेऊ नका. वर्ग ठेवा, मुलांसमोर फार वेळ मुखवटा टिकत नाही, म्हणून तो चांगला आहे. शुक्रवारचा उपास बदला. घरात सगळ्यांत कमी धावपळ असते तो दिवस निवडा, एक जेवण सोडा आणि ते कुणाला कळू देऊ नका. महिला मंडळात विचारलं तरी विषय बदला. मत्तयाच्या ६व्या अध्यायात दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींना एकच नियम लावला आहे: गुप्तात पाहणाऱ्या पित्यासमोर. दशांश चालू ठेवा. मात्र वार्षिक अहवालात वर्गणीदारांची नावं छापली जात असतील तर त्याशिवाय एक लहान देणं असं असू द्या की ज्याची पावती नाही आणि ज्याबद्दल नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. दोनशे रुपयांचं असलं तरी चालेल. ते करून गप्प बसणं तुम्हाला किती जड जातं, तेही वहीत लिहा.

छाटणीने जो वेळ मोकळा झाला त्यातली रोज २० मिनिटं राखून ठेवा. योहान १५:४ ते १० या सात वचनांत ‘राहणे’ हे क्रियापद मूळ ग्रीकमध्ये १० वेळा आलं आहे. ‘फळ द्या’ अशी आज्ञा त्यात एकदाही नाही. फळ हा राहण्याचा परिणाम आहे. राहायचं कसं, तेही तिथेच सांगितलं आहे: त्याची वचनं आपल्यात राहू द्यायची आणि त्याची आज्ञा पाळायची, आणि ती आज्ञा म्हणजे एकमेकांवर प्रीती. तेव्हा या २० मिनिटांत वर्गाची तयारी करू नका. शिकवण्यासाठी वाचताना आपण नकळत दुसऱ्यासाठी मुद्दे गोळा करत असतो आणि वचन आपल्याला न लागता पुढे जातं. एकच स्तोत्र घ्या, आठवडाभर तेच. मोठ्याने, हळू वाचा. मग आज ज्या माणसाशी गाठ पडणार आहे आणि जड जाणार आहे त्याचं नाव देवासमोर घ्या आणि त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं ते ठरवा. एवढंच.

यानंतरची पायरी सर्वांत अवघड आहे आणि बहुतेक लोक तिलाच बगल देतात: दुरुस्ती. वेदीजवळ अर्पण आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असं प्रभूने सांगितलं (मत्तय ५:२३-२४). मोशेच्या नियमशास्त्रात लुबाडलेलं परत करताना वर पाचवा हिस्सा द्यायचा होता. जकातदार जक्कय चौपट द्यायला तयार झाला. पैशाचं काही असेल तर पैशानेच फेडा. प्रार्थना करून पैसे फिटत नाहीत. शब्दांचं असेल तर ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच ते मागे घ्या. मावशींसमोर मुलीला बोलला असाल तर क्षमाही मावशींसमोर.

माफीचं वाक्य कसं असू नये: “मी चिडले, सॉरी, पण तूही ऐकत नाहीस ना.” ‘पण’ आला की माफी संपली. “प्रभूने मला क्षमा केली आहे, आता तूही कर,” हेही नको. मुलीवर ते देवाच्या नावाने टाकलेलं ओझं होतं. असं म्हणा: “शुक्रवारी संध्याकाळी मी म्हणाले की तुला जन्म देऊन चूक केली. ते खोटं आहे. मी ते बोलायला नको होतं. मला माफ कर.” चार वाक्यं. मग थांबा. ती काही बोलली नाही, उठून गेली, तरी मागे जाऊ नका. तिच्या क्षमेची तारीख ठरवणं तुमच्या हातात नाही.

यात काय बिघडतं, तेही सांगायला हवं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थोडा फरक दिसला की साक्ष द्यायची उबळ येते. साक्ष म्हणून तुम्ही ते घरसभेत सांगाल, लोक ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणतील आणि उन्हात धरलेल्या काडीवर पुन्हा पानांची सावली पडेल. निदान वर्षभर यावर बोलू नका. दुसरं, राग गिळून हसत राहणं. त्याला सौम्यता म्हणत नाहीत. आठ-दहा दिवसांनी ते सगळं एकदम बाहेर पडतं आणि मूल म्हणतं, ‘मला माहीत होतं.’ राग चढायला लागला की, “मला आत्ता नीट बोलता येणार नाही, दहा मिनिटांनी येते,” असं सांगून खोलीबाहेर जा. आणि दहा मिनिटांनी खरंच या. न आलात तर मुलीच्या दृष्टीने ते तुमचं रुसणं झालं. तिसरं, वही दुसऱ्यांना लावणं. आपली तपासणी सुरू झाली की सासूबाईंच्या आणि पाळकसाहेबांच्या काड्याही फार स्पष्ट दिसायला लागतात. त्या तुमच्या बागेतल्या नाहीत.

शरीराचंही पाहा. झोप उडाली आहे असं तुम्ही लिहिलं आहे. चाळिशीनंतर पाळीच्या बदलांमुळे, थायरॉइडमुळे, रक्त कमी असल्यामुळे, साखरेमुळे चिडचिड वाढते आणि नैराश्य पुष्कळदा दुःखापेक्षा संतापाच्या रूपात दिसतं. डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या. यात विश्वासाची कमी नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवाच्या दूताने त्याला आधी भाकर-पाणी दिलं, झोपू दिलं आणि पुन्हा खायला दिलं; बोलणं नंतर झालं (१ राजे १९). मन फारच अंधारलं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

आणि तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या एखादीच्या घरात मारहाण असेल तर तिने ‘सहनशीलता’ या शब्दाचा अर्थ मार खाणं असा घेऊ नये, कुणी व्यासपीठावरून तसा सांगितला तरीही. तिथे १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (तातडीची मदत) हा क्रमांक लावावा.

किती दिवस लागतील? लूक १३ मधल्या दाखल्यात मालक ३ वर्षं येऊन अंजिराच्या झाडावर फळ शोधून गेला होता. माळ्याने आणखी एक वर्ष मागितलं आणि त्या वर्षात काय करणार तेही सांगितलं: भोवती खणतो, खत घालतो. खणल्याने मुळं उघडी पडतात आणि खताला वास येतो. ते वर्ष दिसायला चांगलं नसतंच. तुम्हीही एक वर्ष धरा. पहिले ६ आठवडे वहीत आकडा कमी झालेला दिसणार नाही. फक्त बोलल्यानंतर चूक कळायला आधी जे दोन दिवस लागत होते, ते दोन तासांवर येतील. मग तोंड उघडण्याआधी कळायला लागेल. हा क्रम आहे. दर ३ महिन्यांनी पुन्हा सात दिवस वही लिहा आणि आधीच्या आठवड्याशी ताडून पाहा.

आता मंडळीच्या वडिलांसाठी (पुढाऱ्यांसाठी) थोडंसं, कारण हा दोष एकट्या ताईंचा नाही. आपण वार्षिक अहवालात हजेरी, वर्गणी, बाप्तिस्मे, इमारतीचं रंगकाम मोजतो आणि ज्याचा गळा चांगला त्याला पुढे करतो. १ तीमथ्य ३ मध्ये अध्यक्षासाठी (मंडळीची देखरेख करणाऱ्यासाठी) जी यादी आहे तिच्यात कौशल्य म्हणावं असं एकच आहे, शिकवण्यात निपुण. बाकी नेमस्त, सौम्य, भांडखोर नसलेला, द्रव्यलोभी नसलेला, आपलं घर चांगलं चालवणारा, नवशिका नसलेला. नव्या विश्वासणाऱ्याला सहा महिन्यांत माइक देणं ही त्याच्यावर केलेली दया नव्हे. मोशेच्या नियमशास्त्रात नव्या झाडाचं फळ पहिली ३ वर्षं खायचंच नव्हतं (लेवीय १९:२३). आणि एखाद्या ताईने ३ महिने पद सोडायचं म्हटलं, तर ‘काय झालं, काही प्रॉब्लेम आहे का’ म्हणून तिच्या घरी चार जणांचं शिष्टमंडळ पाठवू नका.

ताई, शेवटी मुलीचं. शुक्रवारच्या त्या वाक्यासारखी जी वाक्यं वहीत सापडतील त्यांची माफी तिच्याकडे मागा. पण ‘मी बदलायचा प्रयत्न करते आहे’ असं जाहीर करू नका. तसं सांगितलंत की ती रोज तुमची परीक्षा घेत बसेल आणि तुम्ही तिच्यासाठी नट व्हाल. हे उत्तर तिला दाखवू नका, वहीही दाखवू नका. सकाळी डबा भरताना तिने उशीर केला तर त्या वेळी काय बोलायचं, ते आदल्या रात्री ठरवून ठेवा. पुढच्या रविवारी उपासनेनंतर अंगणात थांबून गप्पा मारण्याऐवजी तिला घेऊन थेट घरी या, जेवायला वाढा आणि १ ते ३ या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.